गळा माझा, ओठ तिचे

"तुन्हा आवाज गोड शे, पन तोंड दखाडाना लायक नही."

असं तो म्हणाला. माझ्या आईसमोर. नंदुरबारच्या हॉलमध्ये, माझं पहिलं गाणं बाहेर येणार होतं त्या दिवशी. तो स्टुडिओचा मालक, बड्या व्यापाऱ्याचा मुलगा. शब्द माझे, चाल माझी, गिटार माझी. आणि मोठ्या पडद्यावर ओठ हलवत होती त्याची गोरी पुतणी.

आई मोलगीहून जीपला लटकत आली होती. तिनं आमच्या पावरी बोलीत विचारलं, "ती पोरगी तुझ्या गळ्यानं कशी गाते?"



मग पुतणी स्टेजवर गाणार होती. तो मला म्हणाला, "परदाना मांगे उभी ऱ्हाय. तू गानं म्हन, ती व्हट हलाडी." आईकडं बोट केलं. "हिले भाहेर बसाड. वास येस."

आईला दाराशी चपलांत बसवलं. मला पडद्यामागं ढकललं. मी गाऊ लागले. शुद्ध मराठी, घासूनपुसून गुळगुळीत केलेला आवाज. फटीतून दार दिसत होतं. येणारा एकेक माणूस आईच्या मांडीला लागून चपला काढत होता. ती पाय आखडून घेत होती.

मी थांबले. कडव्याच्या मधेच.

पुतणीचे ओठ हलतच राहिले. हॉल हसला. मी माईक घेऊन बाहेर आले आणि पावरीत गायले. डोंगरावरून हाक मारतात तसं, गळा फाडून. त्यानं माईक बंद केला. गातच राहिले. कुणीतरी कोल्ह्यासारखं ओरडलं. दोघांनी दंड धरून मला खाली ओढलं, चपलांत लोटलं.

परतताना आई रडली. मी नाही.

नंतरची गाणी एकटीनं केली. फाटलेला आवाज फाटकाच ठेवला. गिटारला ढोल जोडला. मोलगीच्या बाजारात रेकॉर्डिंग केलं, जीपचे हॉर्न काढले नाहीत. लोक नेटवर गाण्याखाली लिहितात, 'जंगली'. लिहा.

परवा मुंबईच्या एका कंपनीतून बाईंचा फोन आला. "छान गातेस गं. फक्त भाषा जरा लोकांना कळेल अशी घे."

म्हटलं, "मॅडम, तुमची मराठी मी छड्या खाऊन शिकले. तुम्ही माझी पावरी फुकट शिका."

फोन ठेवला.

पुढचा अख्खा अल्बम पावरीत आहे. अर्थ कुठंही देणार नाही.