तरव्यातलं खत

तांदूळ धुवायला घेतले की आजही मागून काकीचा आवाज येतो. भरदुपारी, घरात माणसं असताना. मी वळून बघत नाही. बघायची हिंमतच नाही माझी.

लालबागच्या आमच्या मजल्यावरची निम्मी पत्रं मीच लिहायची. अक्षर वळणदार, त्यामुळे डोक्यात हवा. त्या वर्षी तर खालून रोज मोर्चा जायचा, ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!’ आणि मी अकरा वर्षांची कार्टी आईला म्हणायची, ‘आम्हाला जेवायला मिळालंच पाहिजे!’ आई लाटणं उगारायची.

गावी, कोकणात, आमचं एक भातशेत होतं. काका वारल्यावर काकी एकटीच ते कसायची. पालापाचोळा जाळून, शेण घालून जमीन जपायची, तरी पीक दरवर्षी उतरत चाललं होतं. बाबा गिरणीत, पण जीव सगळा त्या शेतात. कुणीतरी त्यांना पांढऱ्या खताबद्दल सांगितलं. त्यांनी एक गोण बोटीने गावी धाडली आणि मला पत्र लिहायला बसवलं.

‘लावणी झाली की मगच शेतात टाक म्हणान लिही. तरव्यात टाकू नको, कोंब करपतले.’

तरवा म्हणजे रोपं वाढवायचा तुकडा. तिथली रोपं उपटून शेतात लावतात. मला काय कपाळ ठाऊक? मला दोन्ही हिरवंच. खाली घोषणा चालल्या होत्या, माझं अर्धं लक्ष तिकडे. मी ऐटीत लिहिलं, ‘खत तरव्यात टाकलंच पाहिजे.’ बाबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कौतुकाने कागदाची घडी घातली.

पोस्टमनने वाचून दाखवलं, तसं काकीने केलं. मनातून ती घाबरली होती म्हणे, पण मोठ्या दिराचा शब्द! चार दिवसांत तरवा करपला. शेजाऱ्यांकडून उरलीसुरली रोपं मागून तिने लावली. निम्मं शेत रिकामं राहिलं, आणि आलं ते भातही पोचट. बाबा भडकले. ‘मी सांगितलं एक, हिने केलं भलतंच,’ म्हणत त्यांनी शेत भावकीत कसायला देऊन टाकलं.

काकी मुंबईला आली ती पत्र घेऊनच. पाणीसुद्धा न पिता तिने ते बाबांसमोर माझ्या हातात दिलं.

‘वाच गो चेडवा. जसा आसा तसा वाच. भावजींका आयकांदे.’

शेत परत मिळणार होतं ते त्या एका ओळीवर. मी ओळ बघितली. बाबांचा हात बघितला. तो फार चालायचा. आणि न अडखळता वाचलं, ‘खत तरव्यात टाकू नये.’

मला वाटलं, आता ही पत्र हिसकावून शेजारी वाचायला नेणार. देवाशप्पथ, न्यावं असंच वाटत होतं. पण तिला माझा संशयच आला नाही.

‘म्हणजे माझोच कान चुकलो,’ ती म्हणाली आणि खाली बसली.

ती परत गावी गेली नाही. आमच्याच घरात रांधत राहिली. कुणी काही सांगितलं की विचारायची, ‘परत सांग गो, माझो कान खोटो.’ मी तेच परत सांगायची, जरा मोठ्याने.

शेवटच्या दुखण्यात मी उशाशी होते. आता सांगते, असं ठरवून तिचा हात धरला, तर तीच बोलली.

‘तू खरा वाचलंस म्हणान बरा झाला गो. नायतर जलमभर भावजींका दोष देत बसलंय असतंय.’