पंगत उठेपर्यंत

२०२४ साल. मला बहात्तरावं लागलं होतं आणि माझं तोंड एक बोट उघडत होतं. बोट माझं नव्हे. माझी बोटं धानाच्या बांधीत चिखल तुडवून-उपसून जाड झालेली आहेत. नागपूरच्या दवाखान्यात गिळायला शिकवणारी एक पोरगी होती, तिचं बोट. ती माझ्या समोरच्या दातांमध्ये बोट आडवं धरून बघायची आणि म्हणायची, "बाबा, मागच्या खेपेपेक्षा बरं आहे." मी म्हणायचो, "तुझं बोट बारीक झालं असंल."

मी चौथीपर्यंत शिकलो. चौथीतही मास्तर वर्गात झोपायचा, म्हणून तिसरीच धरा. पण गिळायला मला कोणी शिकवलं नव्हतं, ते मी आईच्या पोटातून शिकून आलो होतो. म्हातारपणी त्याचा वर्ग लागला.

झालं होतं ते गालाचं. आमच्या भंडारा जिल्ह्यात सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खर्रा करतात. तो मी चाळीस वर्षं खाल्ला. कोणी जबरदस्ती केली नव्हती, आणि नंतर कोणाच्या गळ्यात पडून मी रडलोही नाही. गाल कापला, मानेतल्या गाठी काढल्या, मग किरणांचे शेक दिले. शेक देण्याआधी दाढा उपटल्या. समोरचे चार-सहा दात ठेवले, फोटोपुरते. कॅन्सर गेला म्हणतात. डॉक्टरनं हात मिळवला आणि दुसऱ्या पेशंटकडे वळला. घरचे म्हणाले, सुटलो. ते सुटले असतील.

लाळ गेली. लाळ काय चीज आहे ते या गावात कोणाला ठाऊक नाही, सगळे ती रस्त्यावर, भिंतीवर, बसच्या खिडकीतून थुंकत फिरतात. माझ्या तोंडात थेंब नाही. पोळीचा तुकडा टाळूला कागदासारखा चिकटतो, बोट घालून सोडवावा लागतो, आणि बोट जायला जागा नाही. पाण्याची बाटली मी कुठेही गेलो तरी बगलेत असते. चव वर्षभर नव्हतीच, जे खाईन ते ओल्या मातीसारखं. नंतर गोड परत आलं. मीठ आलं नाही. तिखट तर लागत नाही, नुसतं जाळतं. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, टोपी डाव्या हातानं घालतो. शेक दिलेल्या बाजूला दाढी उगवत नाही, कातडं काळं आणि कडक झालंय. सकाळी उठलं की हनुवटीखाली सूज लोंबते, बैलाच्या गळ्याखाली कातडं लोंबतं तशी. दुपारपर्यंत उतरते. तोवर आरशाकडे बघायचं नाही, एवढंच.

आणि जेवण. घास सरळ खाली उतरत नाही, श्वासाच्या वाटेनं जातो. म्हणून त्या पोरीनं शिकवलं: छोटा घास, वरून पाणी, हनुवटी छातीला टेकवून गिळायचं, मग खोकायचं. कोंबडी पाणी प्यायली की मान वर करते, मी खाली घालतो. वाटीभर पेजेला एक तास जायचा. हे बघायला मी कोणाला दिलं नाही. दोन वर्षं मी मागच्या कोठ्यात, गुरांजवळ बसून जेवलो. गायी बघत नाहीत. त्यांना स्वतःलाच दिवसभर चघळायचं असतं.

माणसं मात्र बघतात. भेटायला म्हणून यायची आणि माझ्या गालाच्या खड्ड्याकडे बघत बसायची. शेजारचा एक तर गालात खर्रा धरूनच आला. भिंतीपाशी जाऊन थुंकला आणि म्हणाला, "काकाजी, तुमी टाइमावर सोडाले पायजे होतं जी."

"सोडला ना," मी म्हणालो. "आता माह्या वाट्याचा बी तूच खा."

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत केली.

तर त्या साली माझ्या नातीचं साक्षगंध ठरलं. मुलगा चिखल्याचा. मुलाचा आजा तिथल्या मॅंगनीजच्या खाणीत जमिनीखाली काम करून निवृत्त झालेला. माझा पोरगा म्हणाला, "बाबा, बफे ठेवू. आता सगळेच ठेवतात."

बफे मला पटत नाही. पाहुण्यानं हातात ताट घेऊन भातासाठी रांग लावायची, मग उन्हात उभ्यानं गिळायचं, आणि कोपर दुसऱ्याच्या भाजीत. गुरांना तरी आपण गव्हाण देतो. मी म्हणालो, "माह्या घरी पाहुणे बसून जेवतील. पंगत होईल. पळसाच्या पत्रावळीवर होईल." पोरगा पत्रावळी सांगायला गेला. आपलं म्हणणं खरं झालं म्हणून मी दोन दिवस छाती काढून फिरलो.

मग माझी म्हातारी एका दुपारी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "पंगत म्हनता तुमी. पयला घास कोन घेईल जी?"

मी बाटली बगलेत घेतली आणि कोठ्याकडे निघालो.

आमच्याकडे पंगतीची रीत अशी आहे. दोन्ही घरचे थोर, म्हणजे वडीलधारे, मुलीकडचा आणि मुलाकडचा, पंगतीच्या टोकाला शेजारी-शेजारी बसतात. ते घास घेतात, मग पंगत जेवते. आणि ते हात धुवायला उठल्याशिवाय कोणी उठत नाही. मधूनच उठणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर पत्रावळ फेकणं. आमच्या घरचा थोर मी. बफेच्या रागात मी माझंच तोंड विसरलो होतो.

पोरानं तोड काढली. "बाबा, तुमी बसू नका. तब्येत बरी नाही म्हणून सांगतो. काका बसतील तुमच्या जागेवर. तुमची पेज आत ठेवतो."

काका म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो तीस वर्षांपासून माझ्या जागेकडे बघून राहिला आहे.

"मी मेलो काय?" मी विचारलं.

"असं कायले बोलता बाबा."

"मंग माह्या जागेवर त्याले कायले बसवून राहिला?"

"बाबा, पाहुण्यासमोर ठसका लागला त? भात नाकातून आला त? पोरीच्या सासरचे लोक हायेत ते. लोक काय म्हणतील?"

लोक. जे गालात सुपारी कोंबून मला उपदेश करतात ते लोक. पण पोरगा खोटं बोलत नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. आत जाऊन बसलो असतो तर त्या दिवसापासून मी घरातलं आजारी माणूस. मग जागा भावाची, शब्द पोराचा, आणि मी कोठ्यात. मी म्हणालो, "बसीन."

साक्षगंधाच्या दिवशी मांडवात सतरंज्या अंथरल्या. चिखल्याचे पाहुणे आले. मुलाचा आजा, आमचे नवे इवाई, माझ्याच वयाचे. काळे, रुंद, आणि जवळजवळ ठार बहिरे. खाणीतल्या सुरुंगांनी कान नेले होते. म्हणून ते बोलायचे असे की अर्ध्या गावाला ऐकू जावं. आम्हाला टोकाला शेजारी बसवलं. माझी बाटली मी मांडीजवळ ठेवली. वाढायला माझा भाऊ आला, आणि त्यानं माझ्या पत्रावळीवर भाताचा ढीग घातला. वर वरण, बाजूला कोहळ्याची भाजी, दोन पुऱ्या, बुंदी. मुद्दाम घातलं की बावळटपणानं, मला आजवर कळलं नाही. त्याच्याकडे दोन्ही भरपूर आहे.

मी वरण-भाताचा बोराएवढा घास केला, बोटानं तोंडाच्या कडेनं आत ढकलला. पाणी. हनुवटी छातीला. गिळलं, खोकलो. सगळी पंगत बघत होती. मग इवायांनी घास घेतला आणि जेवण सुरू झालं.

आमचे लोक जेवतात फार भराभर, जणू कोणी पत्रावळ उचलून नेणार आहे. बघता बघता सगळ्यांचं उरकलं. माझ्या ढिगाला नुसता खड्डा पडला होता. पुऱ्यांना मी हातही लावला नव्हता. चार घास घेऊन उठता आलं असतं. म्हातारी दारातून डोळ्यांनी तेच सांगत होती. पण नातीच्या साक्षगंधाला घरच्या थोरानं अन्न टाकून उठायचं? वाढलेलं खाऊनच उठीन, असं मी ठरवलं. पुऱ्या वरणात कुस्करून टाकल्या.

पंगत बसून राहिली. हातावरचं वरण वाळलं. बाहेर बायकांची दुसरी पंगत खोळंबली. मांडवात उकडत होतं. आणि मला एक मजा दिसली. जेवण झालं की या सगळ्यांना खर्रा लागतो. एकेकाचा डावा हात खिशात जात होता, पन्नी चाचपत होता आणि बाहेर येत होता. उठल्याशिवाय घोटता येत नाही. तो शेजारच्या घरचा तर जबडा नुसताच हलवत होता. मला म्हणे टाइमावर सोडायला पाहिजे होतं. याला एका जेवणापुरता सुटत नव्हता.

मुलाकडचा कोणी तरी मागून म्हणाला, "बुढ्याले आत नेऊन चमच्यानं चारा ना जी. हे काय लावलं?"

ते ऐकलं आणि मी घाई केली. घाईतच हनुवटी खाली घ्यायची राहिली. भात वाट चुकला. असा ठसका लागला की डोळ्यांपुढे अंधार आला, आणि पोरानं सांगितलं होतं तसंच झालं. भाताची शितं नाकातून खांद्यावरच्या दुपट्ट्यावर. पोरगा वाकून कानाशी म्हणाला, "बाबा, बस झालं आता. उठा." त्यानं काखेत हातही घातला. माझ्यात तेव्हा नाही म्हणायचा दम नव्हता. मी एक गुडघा उचलला होता, हे खरं आहे.

तेवढ्यात शेजारून इवाई ओरडले, "कोहळ्याची भाजी आन जी इकडे. आनि भात आन."

पंगतीतून एक लांब सुस्कारा आला. भाऊ भाजी घेऊन धावला. इवायांनी नवा भात कालवला आणि पहिल्यापासून जेवत असल्यासारखे जेवू लागले. आता ते जेवत असताना मी कसा उठणार? गुडघा खाली ठेवला. दुपट्टा घडी करून बाजूला सारला आणि पुढचा घास केला. छोटा घास, पाणी, हनुवटी छातीला. त्यांनी पुन्हा भाजी मागितली. मग मठ्ठा. मी पुऱ्या आणि भाजी संपवली, भात संपवला, बुंदी पाण्यात भिजवून संपवली. दोघं बरोबर उठलो. आमच्या मागे पंगत अशी उठली जशी गुरं दावं तुटल्यावर.

हात धुताना मी त्यांच्या कानाला लागून ओरडलो, "माह्यासाठी बसले का जी तुमी?"

"कोन?"

"माह्यासाठी."

"तुमच्यासाठी कायले? कोहळा चांगला झाला होता." मग त्यांनी धोतराला हात पुसले. "आनि खानीत शिफ्ट सुटली की पिंजऱ्यातून वर येतो. एक जन मांगं राहिला त पिंजरा थांबते. लोक शिव्या देतेत, पन थांबतेत. एवढं काय त्याच्यात." माझ्या मानेकडे बघून म्हणाले, "मले एक सांगा, तुमी घासाघासाले मान काहून खाली घालता? नमस्कार करता का अन्नाले?"

"गिळाले," मी ओरडलो. "तसंच गिळावं लागते."

"बरं बरं. मले वाटलं, लय देवभोळा मानूस दिसते."

मला हसू आलं. तोंड एक बोट उघडतं, म्हणून हसू नाकानंच निघतं. दोन वर्षांत एवढं साधं मला कोणी विचारलं नव्हतं. बाकी माणूस तसा अडाणीच. जाताना अंगणात उभा राहून मला मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायला सांगून गेला.

पाहुणे गेल्यावर पोरगा म्हणाला, "इज्जत गेली आज." भाऊ म्हणाला, "मी बसलो असतो त हे झालं नसतं." सून पत्रावळी गोळा करत होती. माझी पत्रावळ उलटी-सुलटी करून बघितली आणि पोराला म्हणाली, "मामाजीनं एक शीत ठेवलं नाही." तिचं कोणी ऐकलं नाही. मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी पेज घेऊन कोठ्याकडे निघाली. मी तिला हाक मारून थांबवलं, वाटी हातात घेतली, बाटली बगलेत धरली आणि समोरच्या ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून बसलो. हनुवटीखालची सूज अजून उतरायची होती. शाळेची पोरं, दुधाचे डबे, तुमसरच्या बसला जाणारी माणसं, सगळी समोरून जात होती. शेजारचा आला, गालात सकाळचा खर्रा. थांबला.

"काकाजी, आज बाहेर काहून बसले जी?"

माझ्या तोंडात घास होता. मी पाणी घेतलं, हनुवटी छातीला टेकवली, गिळलं, खोकलो, पुन्हा एक घोट घेतला. तो उभा राहिला. त्याची बस वळणावर येऊन हॉर्न देत होती, तरी मी घाई केली नाही.

"जेवून राहिलो," मी म्हणालो.