वॉल्टरच्या कवितांवरचा माझा अभिप्राय

मागच्या रविवारपर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं — बायको गेली, तिलाही नाही. आता तुम्हाला सांगताना जड जात नाही.

वॉल्टर ॲडलेडमधला वकील. मीही वकीलच, त्याच्या ऑफिसात वीस वर्षं काढली. दिवसभर खरेदीखतं, मृत्युपत्रं. जेवणाच्या सुट्टीत तो कविता लिहायचा — पुस्तकी जर्मनमध्ये नाही, त्याचे पूर्वज जर्मनीतून जी गावाकडची बोली घेऊन इथल्या द्राक्षमळ्यांत आले, तिच्यात. त्या बोलीत इथे आधी कुणी कविता लिहिलीच नव्हती. शब्द अडला की तो एल्साआत्याला फोन लावायचा. ती नव्वदीची. पुस्तक कधी येतंय, एवढंच विचारायची.

मी पुण्यात जर्मन शिकलेलो. म्हणून अनुदान समितीने त्याचं हस्तलिखित गुप्त अभिप्रायासाठी माझ्याकडे पाठवलं. आमची ओळख त्यांना ठाऊक नव्हती. नकार द्यायला हवा, हे वकिलाला कळत नव्हतं?

मी लिहिलं — ही गोठ्यातली भाषा आहे, हिला साहित्य म्हणता येणार नाही.

कविता वाईट होत्या? नाही हो. वाचताना माझी आई बोलतेय असं वाटायचं. आई वऱ्हाडी बोलायची. पुण्यात हॉस्टेलची मुलं “काहून बे?” म्हणून चिडवायची, तेव्हापासून मी ती बोली जिभेवरून घासून काढली. आईलासुद्धा फोनवर पुणेरीत उत्तरं दिली. आणि हा माणूस — सूट घालून, भरल्या हॉलमध्ये, आजीच्या बोलीत वाचायचा. मला ते बघवेना.

अनुदान हुकलं. त्याला कॉफी पाजून समजूत मीच घातली. पुस्तक सहा वर्षांनी निघालं. आज लोक त्याला या कवितेचा पहिला माणूस म्हणतात. पण एल्साआत्या त्याआधीच गेली. अर्पणपत्रिकेत तिच्या नावाखाली माझं नाव आहे — ‘ज्याने धीर दिला’. मी ते पुस्तक दिवाणखान्यात दिसेलसं ठेवलं.

रविवारी त्याच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, “आत्याने नवा चष्मा करून घेतला होता. पुस्तकासाठी.”

मी उठलो. तो दारापर्यंत आला नाही. फोनही आलेला नाही. यावा असं माझं म्हणणं नाही.

त्या दिवसापासून मला नीट झोप लागते. त्याला लागते का — ठाऊक नाही.