बोक्याच्या खेपा

माझा बोका शेजारच्या काकांच्या मागे चालायला लागला, तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. माझ्या पोटात दुखलं, आणि का दुखलं हे मला तिथल्या तिथे कळलं होतं. त्यामुळे पुढे जे केलं ते नकळत झालं, असं मी म्हणणार नाही.

घरात मी आणि बोका, दोघंच. बोका नऊ वर्षांचा, साडेसात किलोचा आणि शुगरचा पेशंट. सकाळ-संध्याकाळ मानेची कातडी चिमटीत धरून त्याला मी इंजेक्शन द्यायचे, आणि तो माझ्याकडे अशा नजरेने बघायचा की जणू शुगर मीच त्याला लावली. मागचे पाय अधू झाले होते. पंजांवर उभं न राहता तो टाचा टेकून चालायचा. चालायचा म्हणजे उशीपासून वाडग्यापर्यंत आणि वाडग्यापासून उशीपर्यंत. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "वजन उतरलं नाही ना, तर मागचे पाय कायमचे जातील. रोज अर्धा तास हलवा याला. आणि ते मांजरांच्या पाकिटातले सुके दाणे एकदम बंद."

मी द्रोणागिरीच्या एका गोदामाच्या ऑफिसात काम करते. दिवसभर कंटेनरवाल्यांशी भांडून साडेपाचला घणसोलीला घरी यायचं, पर्स टाकायची आणि फरशीवर रांगायला लागायचं. चेंडू आणला, काठीला बांधलेली पिसं आणली, भिंतीवर लाल ठिपका नाचवणारी बॅटरी आणली. ठिपक्यामागे मीच धावले. बोका ढिम्म. मी त्याच्या पुढे उलटी चालत, टाळ्या वाजवत, "ये ना रे राजा, ये ना सोन्या," म्हणत विनवण्या करायचे आणि तो जांभई द्यायचा. ऑफिसात माझ्यासमोर आवाज चढवायची कुणाची टाप नाही, आणि घरी ही गत.

आमच्या मजल्यावर समोरच्या दारात राहणारे काका साताऱ्याकडचे. उभा जन्म वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या उचलल्या, आता दोन्ही गुडघे गेलेत. त्यांनाही डॉक्टरने चालायला सांगितलेलं. म्हणून संध्याकाळी सहाला ते आमच्या लांबलचक पॅसेजमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायचे. एकदा मी कचऱ्याची पिशवी ठेवायला दार उघडलं आणि ते उघडंच राहिलं. काका चपला घासत दारावरून गेले. बोका उशीवरून उठला. मी बघतेय तोवर टाचा टेकत, पोट हलवत बाहेर गेला आणि त्यांच्या मागे थेट लिफ्टपर्यंत पोचला.

काकांनी त्याला हाकही मारली नव्हती. मी विचारलं, "काका, हे कसं काय जमवलंत?"

"मागं बघायचं न्हाई, ताई," ते म्हणाले. "पाठीवर गोणी आसली का पुढच्यानं आपली वाट धरायची. मागचा त्याच्या पायानं येतोच. तुमी त्याच्याकडं तोंड करून हुब्या ऱ्हाता. मग तो कशाला चालंल? त्याला वाटतं, पोचलोच की आपण."

मी हसले. आत येऊन कुकरचं झाकण मात्र जोरात आपटलं.

रोज सहाला हेच सुरू झालं. पंधरा दिवसांत बोक्याचं वजन थोडं उतरलं, मागचा उजवा पाय जरा उचलायला लागला. काका दारातून सांगायचे, "आज आमच्या दोघांच्या बारा खेपा झाल्या बगा." आमच्या दोघांच्या! नऊ वर्षं त्याचं केलं मी. गटारापाशी सापडला तेव्हा ड्रॉपरने दूध पाजलं मी. सुया टोचून त्याचे शिव्याशाप खाते मी. आणि जोडी यांची! काकू कौतुकाने म्हणायच्या, "ह्यांचा लई लळा लागलाय त्याला," आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एवढं करून काकांनी त्याला कधी कुरवाळलंही नाही, आणि तो मात्र साडेपाचपासून त्यांच्या दाराकडे कान लावून बसायचा. मी घरात शिरले तरी मान वळवायचा नाही.

कपाटात मागच्या बाजूला बंद केलेल्या दाण्यांची पिशवी होती. एका संध्याकाळी पावणेसहाला मी त्यातली मूठभर वाडग्यात टाकली. त्याने ती चाटूनपुसून खाल्ली, माझ्या पायाला अंग घासलं आणि उशीवर जाऊन झोपला. सहाला काका दारात आले. "काय, सायेब उठलं न्हाईत व्हय?"

"आज बरं नाहीये त्याला," मी म्हणाले.

फार बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी पुन्हा मूठ टाकली. तिसऱ्या दिवशी काका आले तेव्हा बोक्याने डोळा उघडला आणि परत मिटला. असं दहा दिवस चाललं. ते दहा दिवस बोका माझा होता.

मग तो मोरीत घटाघटा पाणी प्यायला लागला आणि त्याचा मागचा भाग जमिनीवर घसटायला लागला. मी घाबरले. दवाखान्यात न्यायला निघाले तर काका दारातच भेटले. टोपली त्यांनीच उचलली. "वजं उचलायचं काम माझं," म्हणाले, गुडघ्यांची पर्वा न करता.

डॉक्टरीणबाईंनी कानाला सुई टोचून रक्त तपासलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "शुगर केवढी चढलीय! कोण काय खायला घालतंय याला?"

बोलायला तोंड उघडलं ते खरं सांगायलाच. निघालं भलतंच. "घरात तर काही नाही. पॅसेजमध्ये फिरतो, तिथे कुणी काही देत असेल तर…"

पॅसेजमध्ये कोण फिरतं, हे माझी नजर टोपली धरून उभ्या माणसाकडे गेली त्यावरून बाईंना कळलंच. "आजोबा, तुम्ही प्रेमाने देता, पण याला ते विष आहे. पाय जातील त्याचे."

काका माझ्याकडे बघतील असं वाटलं. ते बोक्याकडे बघत होते. "चुकलं आसंल, बाई," एवढंच म्हणाले.

त्यानंतर सहाला त्यांचं दार उघडलं नाही. मी दाण्यांची पिशवी फेकून दिली. दार सताड उघडं ठेवून, पाठ फिरवून मी स्वतः पॅसेजमध्ये चालून पाहिलं. मागे काही वाजलं नाही. बोका उंबऱ्याशी बसून समोरच्या बंद दाराकडे बघत होता, आणि उठताना त्याचे मागचे पाय दोन्हीकडे फाकत होते. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मी समोरची बेल वाजवली.

काकूंनी दार उघडलं आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "चार दीस झालं, हलंनात. गुडघं पार धरल्यात. आन सारखं इचारत्यात, चिवडा खाताना माझ्या हातनं शेंगदाणा पडला आसंल का गं? बिस्कीट पडलं आसंल का? आता मी काय सांगू?"

मला वाटलं होतं, काकांनी मला सांभाळून घेतलं. तसं काही नव्हतं. माझा शब्द त्यांना खरा वाटला होता.

ते कॉटवर पाय लांब करून बसले होते. मी उभ्या उभ्या सांगितलं. दाणे मी घातले, मुद्दाम घातले, तो तुमच्या मागे जातो ते मला बघवत नव्हतं म्हणून घातले, आणि दवाखान्यात खोटं बोलले. एका दमात सगळं. आता मला बोल लावतील, हाकलून देतील, याची मी वाट बघत होते. निदान तेवढं तरी व्हायला हवं होतं.

काका स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने ओरडले, "ऐकलंस का गं? मी न्हवतो! मी कायबी घातलं न्हवतं त्याला!"

आणि डोळे पुसले. माझ्यावर ते रागावले नाहीत. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. भिंतीला धरून ते उठले, चपला शोधल्या आणि बाहेर निघाले.

त्या चपलांचा आवाज ऐकून बोका उंबऱ्यावर धडपडत उभा राहिला. दोनदा बसला, तिसऱ्यांदा उभा राहिला आणि त्यांच्या मागे निघाला. काकांनी त्या दिवशी एकच खेप केली, त्याला तेवढीच झेपली. मी काकांच्या दारात उभी राहून दोघांच्या पाठी बघत होते. अजूनही जळत होते. पण वाटेतून बाजूला झाले.