पेनल्टी बॉक्समधला गुन्हा

निवृत्त होऊन बरेच दिवस झाले, तरी जळगावच्या त्या फुटबॉल सामन्याचे प्रकरण जसेच्या तसे डोळ्यांसमोर आहे. तेव्हा मी शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. आंतरजिल्हा स्पर्धेची अंतिम लढत जळगाव आणि धुळे यांच्यात होती. दोन्ही संघांत एकेक मोठा खेळाडू. दोघेही देशाच्या अव्वल लीगमध्ये खेळणारे, आपल्या जिल्ह्यासाठी घरी आलेले. जळगावचा आघाडीपटू नशिराबादचा, धुळ्याचा बचावपटू पिंपळनेरकडचा.

उत्तरार्धात आघाडीपटू चेंडू घेऊन पेनल्टी बॉक्समध्ये घुसला. बचावपटू घसरत आडवा गेला. आघाडीपटू कोसळला; नडगीचे हाड मोडले होते. रेफ्रीने बचावपटूला लाल कार्ड दाखवले. तासाभरात ठाण्यासमोर जमाव गोळा झाला आणि जखमीच्या काकांनी फिर्याद दिली, जाणूनबुजून पाय मोडला म्हणून.

खेळातली दुखापत हा सहसा गुन्हा होत नाही. मी काकांना तसे सांगणारच होतो. तेवढ्यात मैदानाबाहेर शेंगदाणे विकणारे एक आबा आले. ते माझे जुने खबरी. म्हणाले, "सायेब, सकायले मी सोता आयकं. त्यानी त्याले सांगं, पाय जाई तुना." बचावपटूने आघाडीपटूला 'तुझा पाय जाईल' म्हणणे, ही उघड धमकी होती. मी गंभीर दुखापतीचा गुन्हा नोंदवला आणि बचावपटूला चौकशीसाठी बसवले.

अटक झाली तर त्याचे करिअर संपणार, हे त्याला कळत होते. तरी तो बोलेना.

"जुनं वैर होतं का?"

"नाही साहेब."

"मग सकाळी काय बोललास त्याला?"

"ते मी सांगू शकत नाही." थोड्या वेळाने त्यानेच विचारले, "ऑपरेशन झालं का त्याचं?"

अनुभव असा, की खोटे बोलणारा माणूस जास्त बोलतो. हा काहीच बोलत नव्हता. मी अटक थांबवली आणि रुग्णालयात फोन लावला. डॉक्टर म्हणाले, त्या हाडाला आधीपासून तडा दिसतोय, काही आठवड्यांचा तरी असेल.

दरम्यान एका छायाचित्रकाराने गोलमागून घेतलेले चित्रीकरण मिळाले. रेफ्रीला बोलावून ते सावकाश चालवले. तो पाहता पाहता खुर्चीतून उठला. "साहेब, यानं शेवटच्या क्षणी पाय आखडून घेतलाय. पूर्ण वेगात घसरताना हे फार थोड्यांना जमतं. पाय लागलेलाच नाही. कार्ड द्यायला मी चुकलो."

मी जबाब घ्यायला रुग्णालयात गेलो. आघाडीपटू शुद्धीवर होता, काका शेजारी होते.

"त्यानं मला स्पर्शही केला नाही," तो म्हणाला. "तडा जुना होता, वळताना तिथंच हाड मोडलं. क्लबपासून मी लपवला होता. सकाळी मी लंगडताना त्यानं पाहिलं. म्हणाला, आज खेयना ते पाय जाई तुना."

आज खेळलास तर तुझा पाय जाईल. आबांनी फक्त शेवटचे शब्द ऐकले होते.

"अरे, गप ऱ्हाय!" काका ओरडले. मीही सांगितले, की हे कागदावर आले तर क्लबला कळेल.

"लिहा साहेब. मी लपवलं आणि तो ठाण्यात बसलाय."

त्याने सही केली.  मग काका माझ्याबरोबर ठाण्यावर आले आणि जमावाला त्यांनीच घरी पाठवले.

बचावपटूला सोडताना मी विचारले, "आधीच का नाही सांगितलंस?"

"दुखणं त्याचं होतं, साहेब. सांगायचं तर त्यानं सांगावं."

"आणि पाय का आखडलास? चेंडू मिळाला असता."

"मिळाला असता. पण तो कुठला पाय आहे, ते मला ठाऊक होतं."

फिर्याद गैरसमजातून झाली, असा 'क' समरी अहवाल पाठवून न्यायालयात प्रकरण बंद करायला सांगितले. क्लबने आघाडीपटूचा करार रद्द केला. वर्षभराने तो एका लहान क्लबकडून पुन्हा खेळू लागला.

अहवाल लिहिताना मी चौकशीची टिपणे पुन्हा वाचली. माझा प्रत्येक प्रश्न कुठूनही सुरू झाला तरी 'का मारलेस' इथेच येऊन थांबत होता. 'मारलेस का' असे मी एकदाही विचारले नव्हते. पुढे नव्या उपनिरीक्षकांना तपास शिकवताना ही चूक मी सर्वांत आधी सांगत असे, आणि ती माझी आहे हेही.