गडग्यावरची रेंज

आढीतल्या पेंढ्यावरून हात फिरवला आणि पिकत्या आंब्यांच्या वासाबरोबर पावस गावातल्या आमच्या घराच्या चिऱ्यांच्या, कुंपणाच्या गडग्यावरची ती दुपार पुन्हा डोळ्यांसमोर तरळली. शेजारच्या, मासळी विकणाऱ्या बाईंची मुलगी त्या गडग्यावर पाय सोडून बसायची, कारण त्यांच्या घरी रेंज नव्हती आणि आमचं वायफाय तिथवर पोचायचं. विहिरीवर पाणी मागावं तसा तिनं पासवर्ड मागितला होता आणि मीही तो दिला होता. त्या दुपारी माझी ऑफिसची मीटिंग सारखी अडकत होती. चिडून मी पासवर्ड बदलला. माडांच्या सावल्या अंगणात संथ हलत होत्या, समुद्राचा आवाज झोपेत ऐकू यावा तसा येत होता. थोड्या वेळानं तिची हाक आली, "काका, नेट गेला काय हो? नर्सिंगच्या फॉर्मची आज शेवटची तारीख हाय." खिडकीतून मी म्हणालो, "होय गो, सगळीकडेच गेलाय." ऊन उतरेपर्यंत ती मोबाइल उंच धरून बसून राहिली आणि मी मीटिंगमध्ये बोलत राहिलो. दुसऱ्या दिवशी तिची आई नेहमीसारखी बांगडे घेऊन आली. "फॉर्म ऱ्हायला तिचा. पन तुमचाच नेट गेला, तर तुमी तरी काय करणार, भाऊ!" असं म्हणत तिनं आमच्या नेहमीच्या वाट्यावर दोन बांगडे जास्तच घातले. मुलगी आता कोळंबी सोलायला कारखान्यात जाते. आढीतले पहिले आंबे दर वर्षी मी स्वतः त्यांच्या घरी नेऊन देतो, आणि सांगायचं ते न सांगताच गडगा ओलांडून परत येतो.