एका बाकावरचे दोन रोगी

तुळजाबाईंच्या ट्रेमध्ये निळ्या पट्टीची ॲम्प्यूल दिसली. त्यांचा खोका लाल पट्टीचा. निळा खोका रामसामीचा. आणि ट्रायल चालवणारे इंग्लंडचे प्रोफेसर तासाभरात कुंभकोणमला आमच्या हॉस्पिटलात पोचणार होते.

मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे मज्जातंतूंवरचं आवरण झिजवत जाणारा आजार, वायरीवरचं रबर जावं तसं. काहींचा तो येतो-जातो. या दोघांचा थांबायचं नावच घेत नव्हता. तुळजाबाई शाळेत शिकवायच्या, आता काठीवर आल्या होत्या. रामसामी नाचियारकोविलला पितळी दिवे ओतायचा. पाय लटपटू लागले आणि त्याची भट्टी सुटली. आपल्याकडे हा आजार क्वचित दिसतो, म्हणूनच प्रोफेसरांनी आमचे दोघे परदेशी रोग्यांबरोबर ट्रायलमध्ये घेतले होते.

ट्रायल ब्लाइंड होती. कुठल्या खोक्यात हार्मोनचं इंजेक्शन आणि कुठल्यात नुसतं मिठाचं पाणी, हे रोग्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही नाही. उत्तर सीलबंद पाकिटांत, माझ्या कपाटात. ज्याचा खोका त्यालाच टोचायचा, एवढा एकच नियम.

कंपाउंडर वेंकोबाराव आमच्यासारखेच तंजावरी मराठी, माझ्या वडिलांच्या वयाचे. इंजेक्शनं तेच टोचायचे. मी विचारलं, "हे कधीपासून चाललंय?"

"पहिल्यापासून, सार. एक दिवस लाल, एक दिवस निळा. दोघांसही."

"पण का?"

"तुम्हींच म्हटलें, कोण्या खोक्यांत औषध, कोण्या खोक्यांत पाणी. दोघे एक्या बाकावर बसतात. एकास तूप, एकास पाणी, कसें वाढूं मी? पंगतींत प्रपंच करूं नये, सार."

मी कपाळाला हात लावला. रागावणार कुणावर? नियम सांगितला होता, त्यामागचं कारण सांगायचं मीच विसरलो होतो.

"रजिस्टरांत अस्कें नियमाप्रमाणेंच लिहिलें आहे," ते हळूच म्हणाले. "बोलूं नका. साहेब औषध बंद करतील. रामसामी आज बसस्टँडावरून चालत आला."

तेच तर मला खात होतं. खरं सांगितलं की पुढच्या सहा महिन्यांचे खोके प्रोफेसरांच्या गाडीतच राहणार. गप्प बसलो तर आमचे खोटे आकडे बाकीच्या देशांच्या तक्त्यात जाऊन बसणार आणि त्यांच्यावर विसंबून कुठला तरी डॉक्टर सुई उचलणार.

प्रोफेसर आले. त्यांनी रजिस्टर चाळलं. "एक्सलंट," म्हणाले. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"डॉक्टर, तुमचं सेंटर बंद करावं लागेल."

"माहीत आहे."

"मग सांगितलंत कशाला?"

"मला औषध हवंय सर. ते खोट्या आकड्यांतून सापडणार नाही."

त्यांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, "पाकिटं आणा."

त्यांनी पहिलं फोडलं, मग दुसरं. दोन्ही कागद माझ्यापुढे सरकवले. दोन्ही खोक्यांत पाणीच होतं.

म्हणजे आमचे आकडे बिघडलेच नव्हते. पण नियम मोडला होता, सेंटर बंद झालंच. दारात उभे असलेले वेंकोबाराव पुटपुटले, "प्रपंच झाला नाही, तेवढें तरी बरें." मला हसावं की रडावं कळेना.

बाकावर बसलेल्या दोघांना सांगणं माझ्याकडेच आलं. तुळजाबाई म्हणाल्या, "पाणी टोचून घेण्यास एवढे दिवस आलें मी?" नंतर त्या माझ्याशी कधी धड बोलल्या नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं नाही. रामसामीने तमिळमध्ये विचारलं, "मग आज बसस्टँडावरून चालत आलं कोण?"

"तुमचे तुम्हीच," मी म्हणालो. तो हसला. मला लाज वाटली.

आजाराने पुढे दोघांनाही सोडलं नाही. मी मात्र तेव्हापासून कंपाउंडरला नवा नियम सांगितला की आधी विचारून घेतो, हा पाळला तर तुम्हाला पाप कुठलं लागेल?